परताव्याचा धनी

आयात शुल्क हा असा कर आहे, की तो भरतो एक आणि सोसतो दुसराच. बंदरावर ज्याच्या नावाने मालाचे कागद दाखल होतात तो आयातदार सरकारी खजिन्यात रक्कम भरतो, ती मालाच्या किमतीत मिसळतो, आणि घाऊक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशी एकेक पायरी उतरत ती अखेर अशा गिऱ्हाइकाच्या खिशावर येऊन पडते, की ज्याने कस्टम हाउसची इमारत कधी बाहेरूनही पाहिलेली नसते. वसुलीपुरते पाहिले तर या रचनेत अडचण कसलीच नाही, उलट लाखो गिऱ्हाइकांच्या मागे लागण्याऐवजी थोड्या आयातदारांना धरले की काम भागते, आणि म्हणूनच ही रचना जगभर टिकली. अडचण येते ती घेतलेले शुल्क चुकीचे किंवा बेकायदा होते असे पुढे ठरले म्हणजे. कारण वरून खाली झिरपलेला पैसा खालून वर चढत नाही, आणि खजिन्यातून परत निघालेली रक्कम पहिल्याच पायरीवर, म्हणजे आयातदाराच्या हाती, थांबते. त्या परताव्याचा खरा धनी कोण, हा प्रश्न दोनशे वर्षे जुना असून, छोट्या व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकांसाठी परतावा मागायचे मनात आणले तर त्याची वाट इतकी अडचणीची का, याचे उत्तर त्या प्रश्नाच्या इतिहासात आहे.

‘परतावा’ हा शब्द सीमाशुल्काच्या व्यवहारात दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट ‘ड्रॉबॅक’ची : परदेशातून आणलेला माल तसाच, किंवा त्याची दुसरी वस्तू बनवून, पुन्हा परदेशी पाठवला तर आयातीच्या वेळी भरलेले शुल्क परत मिळते. अमेरिकेच्या पहिल्याच, ४ जुलै १७८९ च्या शुल्क कायद्यात ही सोय होती आणि वर्षाच्या आत माल बाहेर गेल्यास १ टक्का कापून घेऊन बाकीची रक्कम देण्याचे त्यात ठरले होते. येथे कोणाची चूक झालेली नसते, भांडण नसते आणि देशातल्या गिऱ्हाइकाचा संबंधही नसतो. दुसरी गोष्ट म्हणजे जे शुल्क मुळात घ्यायलाच नको होते त्याचा परतावा, आणि या लेखाचा विषय तोच आहे. ही दुसरी मागणी कोणी, कोणाकडे आणि किती मुदतीत करायची, याविषयी आरंभीच्या कायद्यांत धड तरतूद नव्हती. सार्वभौम सत्तेवर तिच्या संमतीवाचून दावा चालत नाही, हे इंग्रजी कायद्याचे तत्त्व अमेरिकेने स्वातंत्र्यानंतरही सोडले नव्हते. त्यामुळे जादा शुल्क भरावे लागलेल्या व्यापाऱ्याला सरकारला कोर्टात खेचता येत नसे.

वकिलांनी यावर जो मार्ग काढला तो आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. दावा सरकारवर नव्हे तर बंदराच्या कलेक्टरवर, तोही त्याच्या व्यक्तिगत नावाने, लावायचा. (येथे कलेक्टर म्हणजे जिल्ह्याचा अधिकारी नव्हे, तर बंदरावरील शुल्कवसुलीचा प्रमुख.) युक्तिवाद असा, की कायद्याने न लागणारी रक्कम ज्याने वसूल केली त्याने ती अधिकार नसताना घेतली, म्हणून ती त्याच्या हातात दुसऱ्याची ठेव ठरते आणि त्याने ती पदरची परत केली पाहिजे. अर्थात कलेक्टरलाही सावध होण्याची संधी मिळायला हवी होती. तेव्हा पैसे देतानाच ‘हे शुल्क आम्हाला मान्य नाही, माल अडकू नये एवढ्यासाठी भरत आहोत’ असे बजावणे आवश्यक मानले जाई. ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणजे हरकत नोंदवून पैसे भरण्याची जी रीत आज मुंबईच्या क्लिअरिंग एजंटांपासून गल्लीतल्या घरपट्टीदारापर्यंत सर्वांना तोंडपाठ आहे, तिचा कस्टममधला उगम हा आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या रीतीवर १८३६ मध्ये शिक्कामोर्तब केले. इलियट नावाच्या आयातदाराने न्यूयॉर्क बंदरात वर्स्टेडच्या, म्हणजे विंचरलेल्या लांब लोकरीच्या पिळदार धाग्याच्या, शाली आणल्या होत्या आणि त्यांना सुती काठ होते. कलेक्टरने त्या १८३२ च्या कायद्याखाली लोकरी माल म्हणून ५० टक्क्यांच्या दरात घातल्या. वर्स्टेड लोकरीचेच असते ही गोष्ट कोणी नाकारत नव्हते. परंतु व्यापारात वर्स्टेड हा लोकरी कापडाहून निराळा माल समजला जातो, आणि शुल्काच्या कायद्यातले शब्द व्यापाऱ्यांच्या बोलीतल्या अर्थाने वाचायचे असतात, असे न्यायालयाने धरले. त्यापुढे जाऊन न्यायालयाने सांगितले, की हरकत न घेता राजीखुशीने भरलेले शुल्क परत मागता येणार नाही, पण हरकत घेऊन, दाव्याची सूचना देऊन भरलेले शुल्क कलेक्टरने सरकारजमा केले तरी तो व्यक्तिशः देणे लागतो. या निकालात शालीचे शेवटचे गिऱ्हाईक कोठेच नाही, तिची वाढीव किंमत मोजणारी बाई कोठेच नाही. परताव्याच्या हक्काचा जन्मच मुळी आयातदार आणि कलेक्टर या दोघांच्या भांडणात झाला आणि तिसऱ्याला त्यात जागा ठेवली गेली नाही.

ज्या कलेक्टरविरुद्ध हा निकाल लागला तो सॅम्युएल स्वार्टवाउट. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८२९ मध्ये त्याची नेमणूक केली होती आणि न्यूयॉर्कची कलेक्टरी ही तेव्हा देशातली सर्वांत मलईची सरकारी जागा समजली जाई. वर सांगितलेल्या तत्त्वाचा एक परिणाम असा झाला, की कलेक्टरला पैसे स्वतःजवळ ठेवायला कायदेशीर निमित्त सापडले : दावा हरलो तर मलाच भरावे लागतील, तेव्हा निकाल लागेपर्यंत हरकतीखालची रक्कम माझ्याकडे राहू द्या, असे म्हणण्याची सोय झाली. स्वार्टवाउटने या सोयीचा आणि इतरही अनेक वाटांचा मनमुराद उपयोग केला. पद सोडल्यानंतर १८३८ मध्ये तो युरोपला निघून गेला आणि मागाहून हिशेब तपासले तेव्हा सुमारे १२ लाख २५ हजार डॉलरची तूट निघाली. सरकारी पैसा घेऊन पोबारा करणे या अर्थाने त्याच्या आडनावाचे क्रियापद झाले आणि काही वर्षे ते वर्तमानपत्रांतून फिरत राहिले. मराठीत ही प्रतिष्ठा सहसा एखाद्या गावाच्या वाट्याला येते, माणसाच्या क्वचित.

काँग्रेस, म्हणजे तिकडची संसद, या प्रकाराने हादरली आणि ३ मार्च १८३९ च्या कायद्याने कलेक्टरने हरकतीखालचा पैसाही तत्काळ खजिन्यात भरावा असे तिने फर्मावले. चोरीची वाट बुजवताना परताव्याचीही वाट बुजत आहे, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आले नसावे. पैसाच कलेक्टरच्या हाती उरत नाही, तर त्याच्यावर दावा कसला, असा प्रश्न १८४५ च्या जानेवारीत केरी विरुद्ध कर्टिस या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि बहुमताने दावा चालणार नाही असे ठरवले. न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी विरोधी मत नोंदवले. बेकायदा कर भरलेल्या नागरिकाला कोर्टाची पायरीच चढता येऊ नये, हे त्यांना घटनेशी विसंगत वाटत होते. काँग्रेसलाही तसेच वाटले असावे, कारण सुमारे महिन्याभरातच, २६ फेब्रुवारी १८४५ रोजी, तिने कायदा करून दाव्याचा हक्क परत दिला. मात्र त्यासोबत एक अट आली : हरकत तोंडी चालणार नाही, ती लेखी, सहीनिशी आणि नेमके कारण सांगणारी असली पाहिजे. परताव्याच्या इतिहासात कागदाचे राज्य सुरू झाले ते येथून, आणि ज्याच्या पदरी कायदा जाणणारा कारकून नाही त्या छोट्या व्यापाऱ्याचे हाल सुरू झाले तेही येथूनच. पुढे १८६४ मध्ये दिवस मोजून मुदती बांधल्या गेल्या; हरकत १० दिवसांत, खजिनामंत्र्यांकडे अपील ३० दिवसांत, आणि तेथे नकार मिळाला तर दावा ९० दिवसांत. या मुदती ज्या घटनेपासून मोजायच्या तिला ‘लिक्विडेशन’ म्हणतात. दिवाळखोरीशी या शब्दाचा येथे काही संबंध नाही. माल आल्यावर घेतलेले शुल्क हा अंदाज असतो आणि पुढे कस्टमने मालाचा वर्ग, किंमत व दर तपासून तो हिशेब पक्का करणे म्हणजे लिक्विडेशन. हिशेब पक्का झाला आणि मुदत टळली की शुल्क कितीही चुकीचे असो, ते बरोबर मानले जाते.

या पद्धतीचा एक दावा सर्वांच्या परिचयाचा आहे, पण तो परताव्याचा दावा होता हे सहसा ध्यानात राहत नाही. न्यूयॉर्कचा भाजी-फळांचा व्यापारी जॉन निक्स याने १८८६ च्या वसंत ऋतूत वेस्ट इंडीजमधून टोमॅटो आणले. १८८३ च्या शुल्क कायद्याप्रमाणे भाजीवर १० टक्के शुल्क होते आणि ताज्या फळांना माफी होती. कलेक्टर एडवर्ड हेडन याने टोमॅटोला भाजी ठरवून शुल्क घेतले, निक्सने ते हरकत नोंदवून भरले आणि १८८७ मध्ये परताव्यासाठी दावा लावला. सुनावणीत निक्सच्या वकिलाने वेबस्टर, वुस्टर आणि इंपीरियल या शब्दकोशांतून फळ, भाजी आणि टोमॅटो यांच्या व्याख्या वाचून दाखवल्या, आणि तीस वर्षे या धंद्यात मुरलेले दोन साक्षीदार उभे करून या शब्दांना बाजारात काही वेगळा अर्थ आहे का, असे विचारले. नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा सरकारी वकिलाने त्याच कोशातून वाटाणा, वांगे, काकडी, भोपळा आणि मिरची यांच्या व्याख्या वाचल्या, कारण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तीही सगळी फळेच. त्यावर निक्सच्या वकिलाने बटाटा, सलगम, फुलकोबी, कोबी, गाजर आणि घेवडा वाचून काढले. सर्वोच्च न्यायालयाने १० मे १८९३ रोजी निकाल दिला, की वेलीवरचे फळ असले तरी लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतरच्या गोडात नाही, म्हणून शुल्कापुरती ती भाजीच. मराठी मंडईत हा खटला एका वाक्यात निकाली निघाला असता. निक्स हरला, परंतु तो जिंकला असता तरी १८८६ च्या त्या वसंतात ज्यांनी चढ्या भावाने टोमॅटो घेऊन त्यांचे सूप केले, त्यांच्यापैकी एकालाही एक सेंट मिळाला नसता. सहा वर्षे चाललेल्या दाव्यात असा प्रश्नदेखील कोणी काढला नाही, आणि हे त्या काळाच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होते.

त्यानंतरचा बदल मुख्यतः संस्थांचा आहे. १८९० मध्ये कलेक्टरवरचे दावे बंद होऊन नऊ सदस्यांचे मूल्यनिर्धारकांचे मंडळ आले, १९२६ मध्ये त्याचे कस्टम न्यायालय झाले, आणि १९८० मध्ये त्यालाच आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय हे नाव व वाढीव अधिकार मिळाले; न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमधले हे न्यायालय आजही परताव्याचे मुख्य ठाणे आहे. हरकतीची मुदत वाढत वाढत लिक्विडेशननंतर १८० दिवसांवर आली. हरकत कोणी घ्यायची याची यादीही थोडी लांबली, पण तिच्यात आयातदार, माल ज्याच्या नावे आला तो, त्यांचे जामीनदार आणि दलाल असे कस्टमच्या कागदावरचेच लोक राहिले.

सोसले कोणी, हा प्रश्न अमेरिकेत प्रथम गंभीरपणे विचारला गेला तो कस्टममध्ये नव्हे, शेतीच्या करात. मंदीच्या काळात शेतमालाचे भाव सावरण्यासाठी १९३३ च्या कायद्याने माल प्रथम दळणाऱ्या, कातणाऱ्या किंवा कापणाऱ्या कारखानदारावर ‘प्रक्रिया कर’ बसवला. गव्हावर तो बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोमागे, ३० सेंट होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ जानेवारी १९३६ रोजी तो घटनाबाह्य ठरवला आणि पाठोपाठ, दावे चालू असताना कोर्टात अडकलेली सुमारे २० कोटी डॉलरची रक्कम कारखानदारांना परत देण्याचा हुकूम झाला. गिरणीवाल्याने हा कर पिठाच्या भावात, पिठाच्या भावातून पावाच्या भावात, कधीच वसूल करून घेतला होता. आता तोच पैसा त्याला दुसऱ्यांदा मिळत होता. कृषिमंत्री हेन्री वॉलेस यांनी याला कायद्याने झालेली लूट म्हटले. त्याच वर्षीच्या महसूल कायद्यात काँग्रेसने दोन गोष्टी केल्या : अशा दुहेरी लाभावर ८० टक्के कर बसवला, आणि यापुढे परतावा हवा असेल तर कराचा बोजा आपणच सोसला, गिऱ्हाइकावर ढकलला नाही, हे मागणाऱ्यानेच सिद्ध करावे असे ठरवले. सिद्ध कसे करायचे, तर कराच्या काळातला मालामागचा नफा आणि कर नसतानाचा नफा यांची तुलना करून. ही युक्ती तर्काला धरून असली तरी तिच्यातून पाव खाणाऱ्याच्या हाती काहीच आले नाही. कारखानदाराचा अनुचित लाभ हुकला आणि पैसा सरकारकडे राहिला, एवढेच झाले. घटनाबाह्य ठरलेल्या कराची रक्कम सरकारनेच ठेवून घेण्याला न्याय म्हणावे की हिशेबाची हातचलाखी, याविषयी मतभेद होऊ शकतो, पण तिच्यात गिऱ्हाइकाचे भले झाले असे कोणी म्हणणार नाही. सीमाशुल्काच्या परताव्याला तर ही कसोटी सामान्य नियम म्हणून कधी लागलीच नाही.

नेमकी ही कसोटी सीमाशुल्काला लावणारा देश भारत. येथे १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४० प्रमाणे, अनवधानाने, चुकीने किंवा कायद्याचा अर्थ चुकल्याने भरलेले शुल्क तीन महिन्यांत मागावे लागे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम २७ ने ती मुदत सहा महिने केली आणि स्वतःच्या वापरासाठी माल आणणारी व्यक्ती, शिक्षणसंस्था, रुग्णालय अशांना वर्षभर दिले. मधल्या काळात, १९५८ मध्ये, बनारसच्या कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ या पेढीच्या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याच्या गैरसमजुतीने भरलेला करही परत मागता येतो असा व्यापारी वर्गाला फारच सोयीचा निकाल दिला, आणि पुढची तीस वर्षे मुंबईसह देशभरच्या उच्च न्यायालयांत परताव्याच्या अर्जांची रीघ लागली. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर सरकारकडून पुन्हा घेण्याचा हा प्रकार थांबवण्यासाठी १९९१ मध्ये अबकारी आणि सीमाशुल्क या दोन्ही कायद्यांत दुरुस्ती झाली. तिच्यात तीन गोष्टी आहेत : बिलावर शुल्काची रक्कम वेगळी दाखवावी, उलट पुरावा येईपर्यंत प्रत्येक आयातदाराने शुल्काचा बोजा गिऱ्हाइकावर ढकलला असेच गृहीत धरावे, आणि ज्याला परतावा देता येत नाही ती रक्कम ‘ग्राहक कल्याण निधी’त जमा करावी.

या दुरुस्तीतला एक शब्दप्रयोग या सबंध इतिहासात विरळा आहे. कलम २७ प्रमाणे परतावा मागण्याचा हक्क शुल्क ‘भरणाऱ्या’ला आहे, तसाच ते ‘सोसणाऱ्या’लाही आहे, म्हणजे स्वार्टवाउटच्या काळापासून दाराबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला भारतीय कायद्याने नाव न घेता का होईना, आत बोलावले. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९ डिसेंबर १९९६ रोजी ही सारी रचना बहुमताने वैध ठरवली; न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी यांच्या निकालपत्राचा रोख असा, की ज्याने नुकसान सोसलेच नाही त्याला परतावा देणे म्हणजे त्याला विनाकारण धनवान करणे, आणि राज्य म्हणजे अखेर लोकच असल्याने अशी रक्कम राज्याकडे राहिली तर तिला अनुचित लाभ म्हणता येत नाही. तत्त्व म्हणून हे पटण्याजोगे आहे. पण आत बोलावलेला तिसरा माणूस आत येऊ शकला का, हे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. शंभर रुपयांच्या आयात वस्तूत सात रुपये जादा शुल्काचे होते हे गिऱ्हाइकाला कळणार कसे, कळले तर मालाची आणि आयातीच्या ‘बिल ऑफ एंट्री’ची सांगड त्याने घालायची कशी, आणि सात रुपयांसाठी मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या नव्या कस्टम हाउसचे उंबरठे कोण झिजवणार? परिणामी पैसा बहुतेक वेळा निधीत गेला. आयात माल जसाच्या तसा न विकता कारखान्यात वापरणाऱ्यालाही सुटका नव्हती. सोलर पेस्टिसाइड्सच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने तशी मोकळीक दिली होती, परंतु तांब्याच्या भंगारावरचे शुल्क कीटकनाशकाच्या किमतीतूनही गिऱ्हाइकावर जाऊ शकते, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो निकाल फिरवला.

छोट्या व्यापाऱ्याला या कायद्याचा रोजचा अनुभव आला तो चार टक्क्यांच्या विशेष अतिरिक्त शुल्कात. देशी मालावर विक्रीकर पडतो, तर आयात मालावरही तेवढा भार असावा, म्हणून २००६ पासून हे शुल्क सरसकट घेतले जाई. पण व्यापारी पुढे तो माल विकताना व्हॅटही भरत असल्याने दुहेरी भार पडे, आणि तो काढण्यासाठी १४ सप्टेंबर २००७ च्या १०२ क्रमांकाच्या अधिसूचनेने, व्हॅट भरल्याचा पुरावा दिल्यास चार टक्के परत देण्याची सोय झाली. त्यासाठी प्रत्येक विक्री बिलावर ‘या बिलावर अतिरिक्त शुल्काचे क्रेडिट मिळणार नाही’ अशा अर्थाचा शेरा हवा, शुल्काचा बोजा गिऱ्हाइकावर ढकलला नाही असे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र हवे, आणि पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज हवा. एक कंटेनर माल दोनशे बिलांनी विकला गेला असेल तर दोनशे बिलांवर शिक्का; त्यामुळे आयात माल विकणाऱ्या पेढ्यांच्या टेबलांवर या एका वाक्याचा रबरी शिक्का आणि शाईचे पॅड कायमचे येऊन बसले, आणि शिक्का मारायचा राहून गेला एवढ्यावर परतावे नाकारले जाऊ लागले. गोव्याच्या चौगुले कंपनीच्या प्रकरणात सीमाशुल्क न्यायाधिकरणाच्या मुंबईतील विस्तारित पीठाने २०१४ मध्ये हा गुंता सोडवला : बिलावर शुल्काची रक्कमच वेगळी दाखवलेली नसेल तर खरेदीदाराला क्रेडिट घेता येणारच नाही, म्हणजे ते शुल्क स्वतःच्या करातून वजा करता येणार नाही, मग शिक्का नसला तरी हेतू सफल झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि या परताव्याचे नवे अर्ज हळूहळू थांबले. जुने मात्र पुढेही रेंगाळत राहिले.

अमेरिकेत हा प्रश्न २०२५ मध्ये अशा आकाराने परत आला, की इलियटच्या शाली त्याच्यापुढे खेळण्यातल्या वाटाव्यात. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्याचा आधार घेऊन जवळजवळ सर्व देशांच्या मालावर शुल्के बसवली. त्यांना आव्हान दिले ते छोट्यांनी : न्यूयॉर्कची वाइन आयात करणारी व्ही.ओ.एस. सिलेक्शन्स ही कौटुंबिक पेढी, व्हरमाँटमधली बायकांचे सायकलिंगचे कपडे विकणारी कंपनी, मासेमारीचे साहित्य विकणारी आणखी एक, आणि वेगळ्या दाव्यात इलिनॉयची शैक्षणिक खेळण्यांची लर्निंग रिसोर्सेस. व्यापार न्यायालयाने २८ मे २०२५ रोजी व्ही.ओ.एस. आणि तिच्या सोबत्यांच्या बाजूने कौल दिला, अपील न्यायालयाने २९ ऑगस्टला तो उचलून धरला, आणि ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी परताव्याचा सगळाच गोंधळ होणार नाही का, असे व्यापाऱ्यांच्या वकिलाला विचारले. २० फेब्रुवारी २०२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी शुल्के रद्द झाली. तोवर १०० अब्ज डॉलरहून जास्त वसुली झालेली होती, आणि परतावा कोणाला व कसा, यावर बहुमताच्या निकालपत्रात मार्गदर्शन नव्हते.

मधल्या वर्षभरात एक नवीन गोष्ट घडली होती. अनेक छोट्या विक्रेत्यांनी शुल्क किमतीत न मुरवता बिलावर वेगळी ओळ म्हणून दाखवले होते, गिऱ्हाइकाला दरवाढीचे कारण कळावे एवढ्यासाठी. शुल्क रद्द होताच त्याच ओळीने त्यांना नैतिक पेचात टाकले, कारण जॉन निक्सला जे सांगता आले असते ते, म्हणजे गिऱ्हाइकाकडून किती घेतले हे मोजताच येत नाही, हे आता सांगता येत नव्हते. तरीही कायदा १८४५ च्याच वाटेवर आहे : कस्टम ओळखते ते ‘इंपोर्टर ऑफ रेकॉर्ड’ला, म्हणजे कागदावरच्या आयातदाराला, आणि त्याने परतावा वाटून द्यावा की ठेवावा याविषयी ते काही बोलत नाही. जो विक्रेता स्वतःच कागदावरचा आयातदार आहे त्याला पैसे मिळवून गिऱ्हाइकांना वाटता येतात; ज्याने घाऊक आयातदाराकडून माल घेतला त्याला आधी त्या आयातदाराची विनवणी करावी लागते. वाइनचे तर आणखी अवघड, कारण दारूबंदी उठल्यानंतर बहुतेक राज्यांनी आयातदार, वितरक आणि किरकोळ दुकानदार या पायऱ्या कायद्यानेच वेगळ्या ठेवल्या आहेत आणि बाटली शेवटी कोणी उघडली हे आयातदाराला माहीत असायचे काही कारण नाही.

या साखळीचे एक टोक महाराष्ट्रात येऊन पोचते. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आणि टपालाने शुल्क कसे गोळा करायचे याचा उलगडा होईना, म्हणून भारतीय टपाल खात्याने त्याच आठवड्यात अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले. ती सेवा १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, सुरू झाली ती नव्या पद्धतीने. १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना माफी राहिली, पण न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाला विकलेला चकली-चिवडा ही भेट नव्हे. तेव्हा पुण्यातल्या किंवा साताऱ्यातल्या गृहउद्योगाने पार्सल नोंदवतानाच जाहीर किमतीच्या ५० टक्के रक्कम टपालाच्या खिडकीवर रुपयांत भरायची, टपाल खात्याने ती अमेरिकन कस्टमने मान्यता दिलेल्या मध्यस्थाकडे पोचवायची, आणि त्याने ती तिकडच्या खजिन्यात जमा करायची. हे ५० टक्केही फेब्रुवारीत रद्द झालेल्या त्याच अधिकाराखाली बसवलेले होते. गृहउद्योगाच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव, पार्सलचा क्रमांक आणि त्याच्याकडून शुल्कापोटी घेतलेली रक्कम ओळीने लिहिलेली असते. टपालाच्या पावतीवर पाठवणाऱ्याचे नाव असते. आणि अमेरिकेच्या कस्टमकडे ती रक्कम जमा झाली आहे त्या मध्यस्थाच्या नावाने.